एकोणीस हजार मैल

दसऱ्याच्या सकाळी बालीगंजच्या घरासमोर जॅग्वारची पूजा मांडली होती, आणि उदबत्ती ओवाळायच्या आधी दिनकर सगळ्यांना मीटर दाखवत होता.

“वाकून बघा. असं लांबून नाही कळायचं. एकोणीस हजार मैल. सोळा वर्षांची गाडी, आणि फक्त एकोणीस हजार.”

शेजारचे सेनबाबू धोतर सावरत वाकले. त्यांनी आकडे वाचले, गाडीच्या लांबलचक हिरव्या नाकावरून नजर फिरवली आणि “राजार गाडी” असं पुटपुटत बायकोला बोलवायला गेले. दिनकरने सदऱ्याची बाही उगाचच सारखी केली. असा आनंद त्याला बढतीच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

गाडी होतीच तशी. पुढे परातीएवढे दिवे, आत सहा सिलिंडरचं इंजिन, आणि नाकाच्या टोकावर झेप घेणारं चांदीच्या रंगाचं जनावर. लढाईच्या आधी साहेबलोक असल्या गाड्या घेऊन पहाटे बराकपूरच्या रस्त्यावर शर्यती लावायचे. आईने, म्हणजे शारदाबाईंनी, हळदकुंकवाची बोटं त्या जनावरापाशी नेली आणि ती थबकली.

“दिनू, हे मांजर आहे की वाघ?”

“जॅग्वार, आई. वाघाच्याच जातीतला.”

“मग ठीक आहे. देवीच्या दिवसांत वाघ घरी आलेला बरा.” आणि तिने त्याच्या पाठीवर झेंडूचं फूल ठेवलं.

ज्यूट कंपनीचा एक साहेब कायमचा विलायतेला परत निघाला होता, त्याच्याकडून ही गाडी घेतली. घरात सगळ्यांचं मत नवी, साधी, चार माणसांसारखी गाडी घ्यावी असं होतं. दिनकरचंही तेच होतं. पण साहेबाच्या बंगल्यावर त्याने मीटर पाहिला आणि तो विरघळला. विजेच्या कंपनीत त्याची उभी हयात मीटर खात्यात गेली होती. माणूस खोटं बोलतो, मीटर बोलत नाही, हे वाक्य त्याच्या हाताखालच्या कारकुनांना झोपेतही ऐकू येत असे. साहेब बिचारा दोनदा म्हणाला होता, “मिस्टर धामणकर, मैलांबद्दल एक गोष्ट मला तुम्हाला—” दोन्ही वेळा दिनकरने हात वर करून त्याला थांबवलं. मीटर वाचायला मला कोणी शिकवायला नको, असं त्याने आपल्या चोख इंग्रजीत साहेबाला सांगितलं. साहेबाने खांदे उडवले आणि किल्ली दिली.

या गाडीवर दिनकरचं बरंच काही अवलंबून होतं. कलकत्त्यातल्या मराठी माणसांनी दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं तर कोणती सीमा ओलांडायची, हा प्रश्न फार पूर्वी नानांनी, दिनकरच्या वडिलांनी, सोडवला होता. हुगळी ओलांडायची. पलीकडे शिबपूरच्या वनस्पती उद्यानात एक आपटा होता, त्याच्याखाली इथल्या मराठी मंडळाची सगळी कुटुंबं जमत, आणि सगळ्यांच्या पुढे नाना असत. आधी होडीने, मग टॅक्सीने, पण पुढे तेच. नाना गेले आणि गेल्या वर्षी घरात सण नव्हता. तेव्हा मंडळाला पलीकडे घेऊन गेले श्यामकांतराव.

श्यामकांतराव म्हणजे दिनकरच्या सर्वांत धाकट्या बहिणीचे, प्रतिभाचे यजमान. रेल्वेत अधिकारी, मूळचे पुण्याचे, बदलीवर इथे आलेले. कलकत्त्यात जन्मलेल्या मराठी माणसाचं मराठी, श्रीखंड आणि अक्कल या तिन्ही गोष्टी जरा पातळ असतात असं त्यांचं मत होतं, आणि ते मत त्यांनी कोणापासून लपवून ठेवलं नव्हतं. यंदाही आपणच पुढे असणार हे ते धरूनच चालले होते. म्हणून दिनकरला वाटत होतं की धामणकरांच्या स्वतःच्या मोटारीतून आपण पूल ओलांडावा, आणि नानांची जागा कोणाची आहे ते न बोलता सगळ्यांना दिसावं. मंडळात त्याने महिनाभर ‘एकोणीस हजार’चा जप चालवला होता तो त्यासाठीच.

पूजा झाली. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मधली बहीण कालिंदी सर्वांत शेवटी पुढे आली. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, पस्तिशी गाठलेली, लग्न न केलेली, आणि घरात मोजकं बोलणारी. तिने स्टिअरिंगला फूल वाहिलं आणि हात तिथेच ठेवून जरा वेळ उभी राहिली.

“ताई, देवाला काय मागते आहेस?” प्रतिभाने चिडवलं.

“काही नाही ग,” कालिंदी म्हणाली आणि बाजूला झाली.

जेवताना श्यामकांतराव श्रीखंडावर बोट फिरवत म्हणाले, “दिनकरराव, एक शंका. सोळा वर्षांत एकोणीस हजार म्हणजे तुमचा साहेब गाडी चालवत होता की नुसती पुसत होता?”

“पुसतच असेल,” दिनकर म्हणाला. “इंग्रज माणूस. रविवारी क्लबात जायचं आणि परत यायचं.”

“पण ब्रेकच्या पायाखालचं रबर पार गुळगुळीत झालंय. मी सकाळी पाहिलं.”

“साहेब वजनदार होता.”

विमलने, दिनकरच्या बायकोने, हसू दाबायला पदर तोंडाला लावला. नवी गाडी घ्या म्हणून सगळ्यात जास्त तीच मागे लागली होती. पण सकाळी सेनगृहिणी येऊन गाडीच्या चामड्याच्या सीटवर हात फिरवून गेल्यापासून तिचं मत पालटलं होतं, आणि आता गाडीबद्दल कोणी वाकडं बोललेलं तिला खपत नव्हतं.

“श्यामकांतराव, तुम्हाला आणखी श्रीखंड वाढू का?” तिने विचारलं. तो प्रश्न श्रीखंडाबद्दल नव्हता हे सगळ्यांना कळलं.

“वाढा की. मी एवढंच म्हणतो, बाजारात मीटर मागे फिरवून देणारी माणसं असतात.”

“मागे फिरवलेला मीटर मी डोळे मिटून ओळखतो,” दिनकर म्हणाला. त्याचा आवाज चढला. “फिरवलेले आकडे एका रेषेत बसत नाहीत. इथे शिस्तीत उभे आहेत, परेडला उभे राहावेत तसे. या मीटरला कोणी हात लावलेला नाही. मी लिहून देतो.”

“नाहीच लावलेला,” कालिंदी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पुरीचा तुकडा मोडत होती. आईने मात्र तिच्याकडे पाहिलं नाही. आईने ताटातली कोशिंबीर संपवली आणि हात धुवायला उठली.

पंचाईत निघायच्या वेळी झाली. ड्रायव्हर हरिपद आपल्या वस्तीतल्या देवीच्या विसर्जनाला गेला होता. विजयादशमीला बंगाली माणसाला कामावर बोलवायची कोणाची छाती नव्हती. दिनकरकडे परवाना होता. पण गेल्याच आठवड्यात त्याने फाटकाच्या खांबाचा गिलावा काढला होता, आणि आज शहरभर देवीची मिरवणूक.

“मी चालवतो,” श्यामकांतराव म्हणाले. “लाइनवर असताना सरकारी जीप चालवली आहे मी. यात काय मोठं?”

“चालवा,” विमल लगेच म्हणाली. “यांच्या हातात नको बाई.”

दिनकरला ते लागलं. स्वतःची गाडी, स्वतःची बायको, आणि पुलावरून पुढे जाणार पुन्हा श्यामकांतराव. पण हट्ट धरून पुलावर ट्रामला धडक देणं त्याहून वाईट, म्हणून तो मूग गिळून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मागे चौघीजणी दाटीवाटीने बसल्या. फाटकापाशी सेनांचं सगळं घर पाहायला उभं होतं.

श्यामकांतरावांनी बटण दाबलं. इंजिन पहिल्याच हाकेला जागं झालं, आणि ते खोल, गळ्यातून गुरगुरल्यासारखा आवाज करू लागलं. त्यांनी क्लच दाबून दांडा पहिल्या गिअरमध्ये लोटला. आतून असा काही खरखराट झाला की सेनांच्या गॅलरीतलं कबुतर उडालं. त्यांनी पुन्हा लोटला. पुन्हा तेच.

“गिअरबॉक्स गेलाय हिचा,” ते म्हणाले. “मी म्हणत होतो.”

“गेला नाही,” मागून कालिंदी म्हणाली. “आधी दुसऱ्यात लावा, मग पहिल्यात घ्या. सरळ पहिल्यात ती घेत नाही. पहिल्यापासून घेत नाही.”

श्यामकांतरावांनी तसं केलं. दांडा लोण्यात सुरी जावी तसा बसला. पण त्यांनी पाय क्लचवरून काढला नाही. आरशातून ते मागे बघत राहिले.

“पहिल्यापासून म्हणजे?” त्यांनी विचारलं.

दिनकर वळला. त्यालाही तोच शब्द खटकला होता. गेल्या महिनाभरातल्या काही गोष्टी, ज्या त्याने पाहून सोडून दिल्या होत्या, त्या आता रांगेने समोर आल्या. गाडी घरी आली त्या दिवशी मागचं डावं दार कोणाला उघडेना. कालिंदीने येता येता कडी जरा वर उचलली आणि ओढली. हरिपद काच वर करायला झटत होता, तर ती म्हणाली होती, उलटीकडे अर्धा फेरा दे आधी. आणि साहेबाची ती जाहिरात. वर्तमानपत्र नेमकं त्या पानावर दुमडून त्याच्या चहाच्या कपाखाली ठेवलेलं होतं.

“कालिंदी,” तो म्हणाला, “ही गाडी तुझ्या ओळखीची आहे?”

ती म्हणाली, “हो दादा. मी चालवली आहे. अडीच वर्षं.”

“कधी?”

“लढाईत. लष्कराने साहेबाची गाडी ताब्यात घेतली होती, फोर्ट विल्यममध्ये. ब्रिगेडियरसाठी. त्याची ड्रायव्हर मी होते.”

“तू टायपिंगला होतीस,” दिनकर म्हणाला. “बायकांच्या पलटणीत, ऑफिसात टायपिंगला. आम्ही सगळ्यांना तेच सांगितलं.”

“पहिले दोन महिने होते. मग त्यांनी विचारलं, गाडी शिकायची कोणाची तयारी आहे. मी हात वर केला.”

श्यामकांतरावांनी इंजिन बंद केलं. आता मात्र त्यांच्या चेहऱ्यावर श्रीखंड खातानाचा भाव परत आला होता.

“मग मीटरचं काय, कालिंदीताई? ब्रिगेडियर काय रविवारीच क्लबात जायचे?”

“मीटरला घरं पाच आहेत,” कालिंदी म्हणाली. आवाज वर्गात गणित समजावून सांगतानाचा होता. “नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवनंतर सगळी शून्यं येतात आणि मोजणी नव्याने सुरू होते. ती शून्यं मी पाहिली आहेत, चाळीसेक हजार मैल मीच चालवली हिला. रांचीच्या रस्त्यावर. मी गाडी बाजूला घेतली आणि ब्रिगेडियरना दाखवलं. त्यांनी टोपी काढून गाडीला सलाम केला.”

दिनकरच्या डोक्यात रक्त चढलं आणि लगेच उतरलं. एक लाख एकोणीस हजार. पाच घरांचा मीटर. याच, नेमक्या याच गोष्टीवर त्याने भवानीपूरच्या एका मिठाईवाल्याला पकडलं होतं. मीटर पुरता फिरून पहिल्यापासून सुरू झाला होता आणि दुकानदार वर्षाची वीज महिन्याच्या भावात जाळत होता. त्या पकडीवर त्याला बढती मिळाली होती. त्याने त्या विषयावर नव्या कारकुनांना व्याख्यान देण्याची प्रथा पाडली होती. आणि साहेब दोनदा सांगायला आला तेव्हा त्याने हात वर केला होता.

“तू मला का सांगितलं नाहीस?” त्याने विचारलं. “मी सगळ्या मंडळाला सांगत सुटलो होतो.”

“तू घरी आलास तेव्हा किती खूश होतास, दादा. आणि…” ती थांबली. “आणि सांगितलं असतं तर तू ती घेतली नसतीस. मला ती परत हवी होती. एवढीच एक गोष्ट मी या घरात कधी लबाडीने मागितली.”

प्रतिभा हळूच म्हणाली, “मला तरी सांगायचंस, ताई. तेव्हा आपण एका खोलीत झोपायचो.”

“तुझं लग्न ठरत होतं, प्रतिभा. पुण्याहून यांच्या घरची माणसं चौकशी करत होती. मुलीची बहीण खाकी घालून गोऱ्या अधिकाऱ्याची मोटार चालवते, हे त्यांना चाललं असतं?”

श्यामकांतरावांनी आरशातली नजर काढून घेतली. चाललं नसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? पण तो माणूस इतक्यात हरणारा नव्हता. घसा साफ करून ते म्हणाले, “झालं ते झालं. घरातली गोष्ट घरात राहू द्या. मंडळात तुम्ही एकोणीस सांगितलंय, एकोणीसच राहील. मी एक शब्द बोलणार नाही, दिनकरराव. उगाच तुमचं हसं आणि कालिंदीताईंचंही नाव चारचौघांत. काय म्हणता?”

सवलत होती, आणि पक्की होती. ती घेतली की दिनकरची अब्रू राहणार होती, आणि आयुष्यभर ती श्यामकांतरावांच्या खिशात राहणार होती. दिनकरला हे दोन्ही कळलं. तो काही बोलायच्या आत आई बोलली.

“मला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं, आई?”

“हिचं. खाकी लुगडं मीच धूत होते ना. काठाला हे काळं वंगण. ऑफिसातल्या कागदांना इतकं तेल नसतं.” तिने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. “नानांना विचारलं तर म्हणाले, धुऊन टाक आणि विचारू नकोस, ती ते सोडून देईल. मी विचारलं नाही. आता विचारते. खिदिरपूरच्या गोदीवर बाँब पडले, त्या दिवशी तू कुठे होतीस?”

“गोदीत. ब्रिगेडियरसाहेब तिथे तपासणीला गेले होते. भोंगा झाला आणि नंतर सगळा धूर. त्यांनी मला सांगितलं, गाडी घे आणि जितकी माणसं मावतील तितकी इस्पितळात ने. तिसऱ्या खेपेनंतर मोजायचं सोडून दिलं. साहेब चालत परत गेले.”

“याच गाडीत?” विमलने विचारलं.

“याच सीटवर, वहिनी. कातडं नंतर बदललं त्यांनी.”

विमलचा हात सीटवर होता तो तिने उचलला नाही. उलट तळवा नीट टेकवला आणि तसाच ठेवला.

त्या दिवशी दिनकर कुठे होता, हे त्याला लख्ख आठवत होतं. जिन्याखाली. आईला, विमलला आणि प्रतिभाला घेऊन तो जिन्याखाली बसला होता आणि मनात म्हणत होता, कालिंदीचं ऑफिस किल्ल्याच्या भिंतीआड आहे, ती तरी सुखरूप असेल. तिच्या घरी येण्याला उशीर झाला तेव्हा तो तिच्यावर रागावलासुद्धा होता. ती मान खाली घालून ऐकत होती आणि त्याला वाटलं होतं, पोर घाबरली. आता गाडीच्या पुढच्या सीटवर बसून त्याचे कान तापले, आणि त्या तापण्याच्या मागोमाग छातीत दुसरंच काहीतरी भरून यायला लागलं, जे एकोणीस हजारांनी कधी भरून आलं नव्हतं.

“अहो,” प्रतिभा नवऱ्याला म्हणाली, “उतरा.”

“म्हणजे?”

“मागे येऊन बसा. ताईला पुढे जाऊ द्या. माझं लग्न तिच्या गप्प बसण्यावर झालंय, मला आजच कळलं. एवढं तरी करा.”

लग्नाला दहा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत प्रतिभा नवऱ्याशी चारचौघांत या आवाजात बोलली नव्हती. श्यामकांतरावांनी दिनकरकडे पाहिलं. दिनकर आधीच दार उघडून बाहेर आला होता.

“आई, तू पुढे बस,” तो म्हणाला. “आम्ही मागे चेपून बसतो.”

अशी वरात निघाली. कालिंदी स्टिअरिंगवर, तिच्या शेजारी नऊवारीतली आई, आणि मागे विमल, प्रतिभा, श्यामकांतराव आणि घरचा कर्ता पुरुष, गुडघे हनुवटीपाशी घेऊन. कालिंदीने दांडा दुसऱ्यात लावून पहिल्यात घेतला, आणि गाडी फाटकाच्या खांबाला न दुखवता अशी बाहेर पडली की सेनबाबूंनी टाळ्या वाजवल्या.

चौरंगीपर्यंत ती बेताने चालली. रस्त्यात माणसं, रिक्षा, फुगेवाले, नव्या साड्यांतल्या बायका. मग गाडी मैदानाच्या मधून जाणाऱ्या रेड रोडला वळली. डावीकडे झाडांमागे किल्ल्याचा उंचवटा दिसत होता, आणि पुढे रस्ता सरळ, रुंद आणि मोकळा.

“इथेच का ग?” आईने किल्ल्याकडे हात करून विचारलं.

“इथेच. त्या फाटकातून निघायचे.”

“मग निघायचीस तशी चालव बघू.”

कालिंदीने आरशात दिनकरकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तिचा पाय खाली गेला, आणि गाडीचा आवाज बदलला. गुरगुर संपली आणि लांब, सलग सूर लागला. झाडं मागे पळू लागली. सगळेजण सीटला चिकटले. पुढे एक कोरी करकरीत गाडी चालली होती, तिच्यात मंडळाचेच कोणी बसले होते. जॅग्वार तिच्या बाजूने अशी निघून गेली की त्या लोकांची तोंडं नीट दिसलीसुद्धा नाहीत. कालिंदीचे हात स्टिअरिंगवर हलके होते. तिचे खांदे दिनकरने इतक्या वर्षांत कधी असे पाहिले नव्हते, सैल, रुंद, कोणाची परवानगी न मागणारे. घरात वावरताना ती जरा वाकून वावरायची, हे त्याला ती सरळ बसल्यावर कळलं.

वाऱ्याने आईचा पदर डोक्यावरून उडाला. तिने तो धरला नाही. “अजून जाते का ग?” तिने विचारलं.

“जाते, आई. पण पोलीस पकडेल.”

“सोळा वर्षांची म्हणजे गाडीच्या मानाने माझ्याच वयाची असेल,” आई म्हणाली, आणि समाधानाने मागे टेकली.

हावड्याच्या पुलावर गर्दी होती. मूर्तींचे ट्रक, ढाक म्हणजे मोठ्या ढोलांचा आवाज, नाचणारी पोरं, मधूनच वाट काढणारी ट्राम. कालिंदीने त्या सगळ्यातून गाडी सुईत दोरा ओवावा तशी नेली. एका ट्रकवरच्या बायकांनी स्टिअरिंगवर बाईमाणूस पाहून जीभ हलवत उलूध्वनीचा मंगल गजर केला आणि एकीने झुकून आईच्या अंगावर फुलं टाकली. नदी ओलांडली गेली. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही, फक्त श्यामकांतराव पलीकडे पोचल्यावर दिनकरच्या कानाशी म्हणाले, “तिथे एकोणीसच. ठरलं ना?”

दिनकर पुढे कालिंदीच्या सरळ पाठीकडे पाहत होता.

शिबपूरच्या बागेत आपट्याखाली मंडळ जमलं होतं. जॅग्वार आली आणि माणसं आपट्याला सोडून गाडीभोवती गोळा झाली. मंडळाचे अध्यक्ष मनोहरकाका काठी टेकत पुढे आले. नानांचे जुने सोबती. कालिंदी ड्रायव्हरच्या जागेवरून उतरताना त्यांनी पाहिलं, भुवया उंचावल्या आणि दिनकरकडे वळले.

“अरे, हीच का ती? किती चालली म्हणालास, एकोणीस हजार ना?”

सगळे ऐकत होते. श्यामकांतराव बुटाच्या टोकाकडे पाहत होते. विमलने त्याचा सदरा मागून किंचित ओढला. पण गप्प राहा म्हणून की बोला म्हणून, हे दिनकरला कळलं नाही, आणि त्याने ते विचारातही घेतलं नाही.

“नाही काका,” तो म्हणाला. “मी चुकलो होतो. मीटर एकदा पुरता फिरून आला आहे. एक लाख एकोणीस हजार. त्यातले चाळीसेक हजार आमच्या कालिंदीचे आहेत. लढाईत ही गाडी ती चालवत होती, फोर्ट विल्यममधून. खिदिरपूरला बाँब पडले तेव्हा गोदीतून माणसं हिने बाहेर काढली, याच गाडीतून. आम्ही तुम्हाला टायपिंग सांगितलं होतं.”

मागच्या बाजूला एका बाईने दुसरीला काहीतरी विचारलं, तिने गप्प राहायची खूण केली. कालिंदी गाडीच्या दाराशी उभी होती, किल्ली मुठीत, आणि तिचा चेहरा लाल झाला होता. पण मान खाली गेली नव्हती.

मनोहरकाकांनी गाडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर मिस्कील हसू आलं.

“म्हणजे दिनू, तू मीटर खात्यातला माणूस, आणि फसलास की.”

“फसलो असतो काका,” दिनकर म्हणाला, “एकोणीसच निघाली असती तर.”